नवोदिताचे मोल

माझ्या कपाटात एक दोनशे पानी वही आहे. पुढून उघडली तर मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’वरची टिपणे लागतात, एम. ए.च्या वर्गासाठी काढलेली, अर्धवट सोडलेली. तीच वही उलटी करून मागून उघडली तर रकाने आखलेले दिसतात: खेळाडूचे नाव, चढाया, पकडी, गुण. पुढची बाजू मूल्यमीमांसेची आणि मागची कबड्डीची. या दोन्ही बाजू एकाच प्रश्नाच्या आहेत हे माझ्या ध्यानात यायला फार वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात माझ्या हातून एका मुलावर अन्याय झाला. हा लेख त्या अन्यायाविषयी आहे.

मी सोनगीरला राहतो. मुंबई-आग्रा महामार्गावर धुळे मागे टाकून शिरपूरच्या दिशेने निघाले की किल्ल्याचा डोंगर दिसू लागतो, त्याच्या पायथ्याचे हे गाव. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ते पूर्वीपासून ओळखले जाते. लहानपणी आमच्याकडे कबड्डीला हुतूतू म्हणणारी माणसे होती. मातीतला खेळ संपला की गुडघे सोललेले असायचे आणि कुणी किती गुण मिळवले हे रात्रीपर्यंत कुणालाच आठवत नसे. ‘आपण जिंकलो’ किंवा ‘आपण हरलो’ एवढेच आठवे. खेळाडूच्या नावापुढे आकडा लिहायची सवय आम्हाला पुढे लागली. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली, खेळ दिव्यांच्या प्रकाशात मॅटवर गेला आणि प्रत्येक पकडीचा हिशेब पडद्यावर उमटू लागला. त्यामागोमाग मोबाइलवरचा तो दुसरा खेळ आला, ज्याला ‘फँटसी’ म्हणतात.

वाचकांपैकी ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्यक्ष सामना दोन संघांत होतो. आपण त्या दोन्ही संघांतले मिळून सात खेळाडू निवडून आपला एक कल्पित संघ उभारायचा. खर्चायला शंभर ‘क्रेडिट’. नावाजलेला चढाईपटू महाग, नवखा स्वस्त. कर्णधार नेमाल त्याचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. मैदानावर त्या खेळाडूंनी जे कमावले, त्यावर आपला जय-पराजय. हा खेळ मूळचा अमेरिकेचा. १९६०च्या दशकाच्या आरंभी ओकलंडच्या काही मंडळींनी तिथल्या फुटबॉलवर तो बेतला. आपल्याकडे ड्रीम-११सारख्या कंपन्यांनी तो घरोघर पोचवला. तो कौशल्याचा खेळ की जुगार, हा वाद न्यायालयांत गेला. २०१७ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने कौशल्याच्या बाजूने निर्णय दिला. आमच्या स्टाफरूममधल्या चौघांना तेवढा आधार पुरेसा होता.

२०२२च्या ऑक्टोबरात लीगचा नववा हंगाम सुरू झाला तेव्हा आम्ही रोज संध्याकाळी संघ लावत असू. अर्थशास्त्राचे सर पैसे लावत, मी फुकटच्या स्पर्धांत खेळे. पण नाद दोघांना सारखाच होता. आणि या नादातला सर्वांत अवघड, म्हणून सर्वांत रंजक प्रश्न असे: नवख्या पकडपटूचे मोल काय?

चढाईपटूचे मोल ठरवणे सोपे. तो एकटा जातो, एकटा येतो. जे आणले ते त्याचे. पकडपटूचे तसे नाही. त्यातून तो नवखा असला तर मागचे आकडेही नसतात. म्हणून त्याची किंमत कमी लागते, आणि कमी किंमत हेच त्याचे आकर्षण ठरते. त्याच्यावर वाचलेल्या क्रेडिटांतून मोठा चढाईपटू घेता येतो. मात्र तो पहिल्या सातांत हवा, आणि त्यातही कोपऱ्यावरचा हवा. कारण घोटा धरण्याची पहिली संधी कोपऱ्याला मिळते आणि पकडीचा गुण ज्याने पहिल्यांदा हात घातला त्याच्या नावावर चढतो. याशिवाय एक विपरीत नियम आम्ही शोधून काढला होता. ज्या संघाचे चढाईपटू दुबळे, त्याच्या पकडपटूला भाव द्यावा. कारण तो संघ वरचेवर तीन किंवा त्याहून कमी गड्यांवर येणार, आणि त्या अवस्थेत साधलेली पकड अव्वल ठरून दोन गुण देणार. म्हणजे संघाची पडझड जितकी अधिक, तितकी आमच्या नवख्याची चांदी! हे सूत्र सापडले त्या दिवशी मला केवढा आनंद झाला होता.

त्या हंगामाने आमचा सिद्धान्त थाटात सिद्ध केला. पवन सेहरावत या चढाईपटूला तमिळ थलैवाजने दोन कोटी सव्वीस लाखांना घेतले होते. तो पहिल्याच सामन्यात जखमी झाला आणि हंगामभर बाहेर बसला. उलट जयपूर पिंक पँथर्सकडून अंकुश नावाचा एक पोरगा डाव्या कोपऱ्यावर पहिल्यांदाच लीग खेळत होता. त्याने हंगामात पकडींचे ८९ गुण मिळवले आणि तो सर्वोत्तम पकडपटू ठरला. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूरने आपल्या पुणेरी पलटणला ३३-२९ असे हरवून करंडक नेला, तेव्हा मराठी माणूस म्हणून वाईट वाटले. पण अंकुशला आम्ही कधीच हेरले होते, याचा अभिमान त्याहून मोठा होता.

त्याच संघात सुनील कुमार हा कर्णधार कव्हरला, म्हणजे कोपरा आणि मधला यांच्या दरम्यान, उभा असे. त्याचे नाव मी घेतले नाही, कारण आमच्या वहीत ते क्वचितच येई. कव्हरचे काम काय? कोपऱ्याने घोटा धरला की चढाईपटू मध्यरेषेकडे झेप घेतो. त्याचा एक पाय अडकलेला असतो, पण धड मोकळे असते. हात लांबवून रेषा शिवली तर पकड फसली, आणि जो जो भिडला तो बाद. त्या अर्ध्या क्षणात कुणीतरी आडवे जाऊन वाट अडवावी लागते. कव्हर ती अडवतो. पकड दोघांची होते, गुण एकाच्या नावावर लागतो. आणि कव्हरचे दुसरे काम तर याहूनही अदृश्य: न झेपावणे. चढाईपटू हात दाखवून, पाय पुढे करून भुलवत असतो. तेव्हा जागा न सोडता उभे राहणे. तो रित्या हाताने परत गेला तर ती चढाई रिकामी. रिकाम्या चढाईचा रकाना कुठल्याही पकडपटूच्या नावापुढे नसतो. अशा दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करा किंवा मरा’ होते, चढाईपटू घाईला येतो, चुकतो आणि कोपऱ्याच्या हाती सापडतो. मूळ श्रेय कुणाचे? जो आधी दोनदा हललाच नाही, त्याचे.

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्येही बचावफळीच्या ऐन मध्यावर असा एक धिप्पाड गडी असतो. समोरचे दोघे-दोघे अंगावर घ्यायचे, म्हणजे मागचा सहकारी मोकळा राहून चेंडूवाल्याला लोळवतो, हे त्याचे काम. तिथल्या फँटसीतही या जागेवरच्या नवख्याला सहसा कुणी विचारत नाही. आरन डोनाल्डसारखा एखादा निराळा. २०१४ साली पहिल्याच हंगामात त्याने प्रतिपक्षाच्या मुख्य फेकणाऱ्याला चेंडू फेकण्याआधीच नऊदा पाडले आणि तो वर्षाचा सर्वोत्तम नवखा बचावपटू ठरला. पण तोही मोजता येण्याजोगे काही केले म्हणूनच. नुसते दोघांना अडवून धरले असते तर त्याचेही नाव तक्त्यात तळाशीच राहिले असते.

हे सारे शहाणपण मी आज सांगतो आहे. त्या वेळी मला ते नव्हते.

त्याच दिवसांत आमच्या महाविद्यालयाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला निघाला. आमचे क्रीडा संचालक साधे, अबोल गृहस्थ. मला खेळाची आवड आहे म्हणून त्यांनी सोबत घेतले. मी वही घेतली. चार सामने मी मैदानाकडेला बसून एकेक पकड टिपली. आमचा डावा कोपरा जोरात होता: चार सामन्यांत सतरा पकडी. त्याच्या बाजूने कव्हरला उभा राहणारा मुलगा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा, माझ्याच वर्गातला. संघात पहिलेच वर्ष. त्याच्या नावापुढे चार सामन्यांत तीन पकडी. बाहेर एक मुलगा बसून होता जो चढाईही करी आणि पकडही. उपांत्य सामन्याच्या आदल्या रात्री मी संचालकांसमोर वही उघडली. मला वाटते, माझ्या आवाजात अंकुशला हेरल्याचा तो अभिमान होताच. म्हटले, ‘सर, हे आकडे बघा. या पोराला ठेवून आपण एक जागा वाया घालवतो आहोत.’

ते बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘सर, हा पोऱ्या दिसत नाही, पण असतो.’

मी हसलो. त्या वाक्यातले सौंदर्य मला कळले होते. मराठी शिकवतो मी. ते वाक्य मी त्या रात्री वहीच्या पुढच्या बाजूला टिपूनही ठेवले. पण ते खरे असेल असे मला वाटले नाही. आकड्यापुढे संचालक नमले. लेखी पुराव्यापुढे अनुभवी माणूस नमतो, ही आपल्या काळाची रीतच आहे.

सामना आम्ही सहा गुणांनी हरलो. डाव्या कोपऱ्याने नऊ वेळा घोटा धरला आणि त्यातल्या दोनच पकडी साधल्या. प्रत्येक वेळी चढाईपटू त्याला फरफटत रेषेपर्यंत नेई आणि हात टेकवून बाहेर पडे. आडवे जाणारे कुणी नव्हते. नवा मुलगा वाईट खेळला असे नव्हे. तो स्वतःची पकड शोधत होता. कव्हरचा मुलगा बाहेर बसून पाण्याच्या बाटल्या भरत होता. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिले नाही. ‘आकडे बघा’ हे माझे शब्द त्याच्यापर्यंत पोचले होते की नाही, हे मला ठाऊक नाही. उन्हाळ्यात त्याच्या घरची अडचण झाली आणि तो सुरतेला कामाला गेला. संघातली जागा टिकली असती तर तो राहिला असता, असे म्हणणे स्वतःला फार महत्त्व देणे होईल. पण राहायला त्याला एक कारण होते, आणि ते मी वही उघडून काढून घेतले, एवढे खरे.

वाङ्मयाच्या अभ्यासकांना या गोष्टीत काही ओळखीचे सापडेल. ‘नवोदित’ हा शब्द आपल्याइतका कुणी वापरला नसेल. संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत, दिवाळी अंकाच्या अनुक्रमणिकेत, परीक्षणाच्या शेवटच्या परिच्छेदात आपण तो वापरतो. आणि वापरताना मनात असतो तो किंमतीचाच हिशेब: याला थोडी जागा देऊ, वाचलेली जागा मोठ्या नावाला. ज्यांच्या नावाने २०१८पासून आमचे विद्यापीठ ओळखले जाते त्या बहिणाबाई चौधरी हयातभर नवोदितसुद्धा नव्हत्या. १९५१च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि १९५२ साली ‘बहिणाबाईची गाणी’ आली. अत्र्यांच्या प्रस्तावनेची आठवण सगळे काढतात, आणि ते योग्यच. पण शेतात, जात्यावर सुचलेल्या त्या ओळी ज्यांनी कागदावर उतरवून ठेवल्या, त्या सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने आधी वाट अडवून धरली नसती, तर अत्र्यांच्या हाती काय लागले असते? आपल्या वाङ्मयेतिहासात कोपऱ्यांची नावे ठळक आहेत. कव्हर शोधावे लागतात.

आणि आम्हा अध्यापकांचे तरी काय? २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने आमच्या कामगिरीचे गुणांकन सुरू केले. शोधनिबंधाला इतके, ग्रंथाला इतके, चर्चासत्रातल्या वाचनाला इतके. २०१८ साली नियम बदलले, तक्ता राहिला. या तक्त्याविरुद्ध मी स्टाफरूममध्ये किती वेळा तावातावाने बोललो आहे! वर्ग सुटल्यावर जिन्यात उभे राहून एखाद्या मुलाची अडचण ऐकली तर त्याला रकाना कुठे आहे, असे विचारले आहे. तोच मी मैदानाकडेला बसून तसाच तक्ता आखत होतो. अन्यायाचे माप ज्याच्या अंगावर लागते, तो ते फेकून देईलच असे नाही. हाती आले की पहिल्यांदा ते दुसऱ्याला लावून बघतो.

२०२४च्या आखाजीला तो मला सोनगीरच्या बाजारात भेटला. खान्देशात आखाजी म्हणजे माहेरचा सण. लेकी घरी येतात. बहिणीला पितळी भांडे घ्यायचे म्हणून तो आला होता. अंग थोडे सुटले होते, हातावर यंत्रात सापडल्याचा व्रण होता. पाया पडला. आम्ही एका दुकानात बसलो. शेजारीच मठारकाम चालले होते. कारागिराने भांडे लोखंडी टेकूवर पालथे घातले होते आणि तो ते फिरवत एका लयीत ठोके मारत होता. बाहेरून एकेक ठोका उठून दिसतो, गिऱ्हाईक बोट फिरवून तोच पाहते. आतून टेकू नसेल तर तो ठोका भांड्याला पोचा पाडेल, एवढाच त्याचा उपयोग.

मी बोलायचे ठरवले होते, पण आधी तोच बोलला. ‘सर, तुमी ते वहीत काय लिवायचे तेव्हा? मला वाटायचं कविता करता.’

मी म्हटले, ‘कविता नव्हे. हिशेब होता, आणि तो चुकला.’ मग त्या रात्रीचे सगळे सांगितले. संचालकांचे वाक्यही. त्याने ऐकून घेतले. ‘जाऊ द्या सर, तवाचं तवा गेलं’ म्हणाला. थोड्या वेळाने हसून पुढे म्हणाला, ‘पण तुमचं काय चुकलं? मी बी सुरतला रूमवर टीम लावतो ना. त्या सीझनला अंकुशला रोज घेतला. सुनीलला नाही घेतला कधी.’

‘का रे? तू तर स्वतः कव्हर.’

‘कव्हरला पॉइंट कुठं भेटतात, सर?’

हे तो कुठल्याही कडवटपणाविना म्हणाला. दर ठाऊक असलेला माणूस दर सांगतो तसे. मी वही उघडून त्याची जी किंमत लावली होती, तीच त्याने स्वतःची लावून घेतली होती. मला क्षमा करणे त्याला जड गेले नाही, कारण त्याच्या लेखी अन्याय झालाच नव्हता. त्या दुपारी माझ्या मनाला सर्वांत जास्त लागले ते हेच.

दुकानदाराने भांडे तराजूत ठेवले. आमच्याकडे पितळेचा भाव वजनावर आणि घडणावळ वेगळी धरतात. त्याने घडणावळ सांगितली तेव्हा शेजारी उभे असलेले एक म्हातारबाबा, जे कधीकाळी गावच्या संघात खेळत आणि आमचे बोलणे मघापासून ऐकत होते, अहिराणीत म्हणाले, ‘जेनी पाय धरा तेनं नाव व्हस, जेनी वाट रोकी तेले कोन इचारस?’ ज्याने पाय धरला त्याचे नाव होते. वाट अडवणाऱ्याला कोण विचारतो? मुलगा मोठ्याने हसला आणि त्यांच्या पायाला हात लावला. घडणावळ त्याने घासाघीस न करता दिली.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि पैशांवर चालणारे हे खेळ बंद झाले. अर्थशास्त्राचे सर काही दिवस उदास होते. सुरतेच्या त्या खोलीत काय झाले असेल हे मी विचारले नाही. कुणाचे किती पैसे वाचले याचा हिशेब इतरांनी करावा. मला एवढेच ठाऊक आहे की ॲप बंद झाले तरी पाहण्याची ती सवय बंद होत नाही. माणसाच्या अंगावरून नजर फिरली की ती अजूनही रकाने शोधते.

वही मी फेकून दिलेली नाही. गेल्या स्पर्धेला पुन्हा नेली. मागच्या बाजूला एक नवा रकाना आखला आहे: ‘वाट कुणी अडवली?’ तो भरायचा तर चढाईपटूवरून नजर काढून घ्यावी लागते, आणि ते फार अवघड आहे. सगळे मैदान जिकडे पाहत असते तिकडे आपण पाहायचे नाही. पहिल्या सामन्यात तो रकाना कोराच राहिला. दुसऱ्यात दोन नावे लिहिता आली. संचालक शेजारी बसले होते. त्यांनी वहीत डोकावून पाहिले, एका नावावर बोट ठेवले आणि ‘हा नाही, त्याच्या पलीकडचा’ एवढेच म्हणाले. मी खोडून दुरुस्त केले.